इस्तारीची एकुलती एक लाठी

बंदुका घेऊन उभ्या असलेल्या पोलिसांसमोर मी 'हर हर महादेव' अशी आरोळी ठोकली. गावातले सगळे बैल तेव्हा माझ्या पाठीशी उभे होते. ठोकू नकोस, असं तू मला त्याच दिवशी सकाळी बजावलं होतंस, आणि नाही ठोकणार म्हणून मी गळ्याला हात लावून शपथही घेतली होती.

इस्तारी, काल तुझी तेरवी झाली. पंगत उठली, लोक मांडवात सुपारी कातरत बसले, आणि तुझ्या आठवणी काढता काढता सगळे शेवटी माझ्या आरोळीवरच येऊन थांबले. एकाने सांगितलं, मी बैलावर उभा राहून ओरडलो. दुसऱ्याने सांगितलं, मी ओरडलो आणि तिथेच बेशुद्ध पडलो. ज्यांचा त्या साली जन्मही झाला नव्हता त्यांनीसुद्धा डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलं. मी वाट पाहत होतो, आता तू कोपऱ्यातून तंबाखूत चुना मळत म्हणशील, "तसं नाई झालं बे." कोणी म्हणालं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की तू खरंच नाहीस. स्मशानात नव्हतं कळलं.

म्हणून हे लिहितो आहे. माझं चुकलं तर तिथून म्हण, तसं नाई झालं बे.

पोलिसाला स्वतःच्या गावी नेमणूक देत नाहीत म्हणे. पण सासुरवाडीबद्दल सरकारने काही ठरवलेलं नसावं. नाहीतर आंबागडाच्या पायथ्याशी, आमच्या गावच्या दोन खोल्यांच्या कौलारू चौकीत तू शिपाई म्हणून आलाच नसतास. सगुणाबाई आमच्या लहानूबाबाची लेक, म्हणजे अख्ख्या गावाची लेक. आणि तू अख्ख्या गावाचा जवाई. ज्या गावात चोर पकडायचा, त्या गावात चोरही तुझा साळाच निघायचा. कोंबडी चोरणाऱ्याच्या घरी तू गेलास की त्याची बायको डोक्यावरचा पदर सावरून म्हणायची, "जवाईबुवा, आधी पाणी तं घ्या." तू पाणी घ्यायचास. मग चहा. मग कोंबडी मालकाच्या घरी पोचायची आणि चोर तुला वेशीपर्यंत सोडायला यायचा.

नात्याने मी तुला 'तुम्ही' म्हणायला हवं होतं. सगुणाबाई मला मोठ्या बहिणीच्या जागी. पण तुझ्या खाकी अर्ध्या चड्डीचं माप मी घेतलेलं. त्या मापानंतर 'तुम्ही' तोंडातून निघेना. माझं शिवणकामाचं दुकान चौकीच्या समोर. दिवसभर तू तिकडच्या ओट्यावर, मी इकडच्या मशीनवर, आणि मधल्या रस्त्यावरून आपलं भांडण येत-जात असायचं.

मग सरकारने शिपायांच्या अर्ध्या चड्ड्या काढून पायघोळ पँटी दिल्या. तू कापड घेऊन आलास, नव्या नवरदेवासारखा लाजत. भंडाऱ्याहून मोठे साहेब तपासणीला येणार होते. तुझी हवालदारकी त्या तपासणीवर होती. आणि मी कापड कापताना कोणाला तरी सरकार कसं चुकतं ते समजावून सांगत होतो. पँटीचा डावा पाय चार बोटं आखूड झाला. तपासणीच्या सकाळी पँट घातलीस तेव्हा दुसरी शिवायला वेळ नव्हता. तू साहेबांसमोर एक गुडघा वाकवून उभा राहिलास. साहेब म्हणाले, "पायाला काय झालं?" तू म्हणालास, "बैलानं लाथ मारली, साहेब."

हवालदारकी एक वर्ष पुढे गेली. आणि मला तू एका शब्दाने बोलला नाहीस. पँट धुतलीस, घडी केलीस, माझ्या दुकानात आणून खुंटीला टांगलीस आणि ओट्यावर जाऊन बसलास. ती पँट तिथेच राहिली. मी काढली नाही, तू मागितली नाहीस. गिऱ्हाइकं विचारायची, "हे कोणाची?" मी म्हणायचो, "बैलाची."

मी गावचा पुढारी कसा झालो, ते तुला माहीतच आहे. माझ्याकडे शेत नाही, बैल नाही, अक्कल बेताची; पण गळा होता. दुकानात चार लोक बसायचे, बोलायचे, आणि त्या बोलण्याचा मोर्चा व्हायचा. बॅनर मी शिवायचो. धानाला भाव मागायला आपण तुमसरला गेलो, तेव्हा माझ्याकडे पांढरं कापड उरलं नव्हतं म्हणून मी पोलक्याच्या फुलाफुलांच्या कापडावर मागण्या लिहिल्या. तहसीलच्या बाबूने बाहेर येऊन विचारलं, "बारसं कोणाकडे आहे?"

त्या मोर्चात बंदोबस्त म्हणजे तू. एकटा तू. लाठी काखेत, आणि खांद्यावर फुलाआजीचं शिदोरीचं गाठोडं, कारण आजी म्हणाली होती, "जवाया, तुह्ये हात रिकामेच हायेत." मोर्चाच्या आदल्या दिवशी तू दुकानात यायचास. "उद्या किती जण?" मी फुगवून आकडा सांगायचो. तू म्हणायचास, "खरा सांग बे. चहा सांगा लागते." कारण घोषणा झाल्या की तू आम्हाला अटक करायचास, शाळेच्या पडवीत बसवायचास, चहा पाजायचास आणि उन्हं कलली की सोडून द्यायचास. आमचा रागही निघायचा, सरकारचा मानही राहायचा. परतताना एखादा म्हातारा अटक व्हायचा राहून गेला तर तो रुसायचा. त्याला तू रस्त्यातच अटक करून बैलबंडीत बसवायचास.

आणि तुझी ती लाठी! तिने तू शाळेमागच्या चिंचा पाडायचास. तलावात उतरण्याआधी पाण्याचा अदमास घ्यायचास. सगुणाबाईने लुगडं वाळत घालायला घेतली तर दुपारभर तू काठीविना फिरायचास आणि कोणी विचारलं तर सांगायचास, ड्युटीवर आहे. माणसाच्या अंगाला लागलेली ती कोणी पाहिली नव्हती. तूच म्हणायचास, "एकदा हाणलं का मंग त्या घरी जेवता येत नाई. अन् माह्यं सारं गावच जेवायचं घर."

आणीबाणी आली तेव्हा तू कोतवालाला घेऊन दवंडी देत फिरलास. पाच किंवा पाचापेक्षा जास्त माणसांनी एका जागी जमायचं नाही. मी दुकानातून ओरडलो, "हवालदार, तिरडीले चार खांदे लागतेत, मडकेवाला पाचवा. मंग?"

तू थांबलास, विचार केलास. "मडकेवाल्यानं थोडं अंतर ठेवून चालाव."

"अन् मेलेला?"

"मेलेला मोजत नाई."

पण घोषणा बंद झाल्या. मोर्चे बंद झाले. भंडाऱ्याचे दोन-तीन ओळखीचे लोक नेले आणि ते चहा पिऊन संध्याकाळी परत आले नाहीत. दुकानात लोक बसायचे ते हळू आवाजात. पाचवा आला की कोणीतरी उठून जायचा. एक दिवस तू आलास आणि त्या पाचव्याला खांदा दाबून बसवलंस, आणि स्वतः सहावा बसलास. म्हणालास, "मी सरकार हाये, मले मोजू नका. अन् मी बसलो हाये तवरक हा जमाव नाई, हे माह्यी बैठक हाये." त्या दिवशी आपण सगळे धानावर आलेल्या किडीबद्दल बोललो. दुसरं काही बोललो नाही. पण बसलो.

आपलं खरं भांडण तेव्हापासूनचं. तुझं म्हणणं, हुकूम म्हणजे तलावाची पाळ. पाळ नसली तर पाणी गावात शिरतं, कोणाच्या कामाचं राहत नाही. माझं म्हणणं, पाळीला दार लागतं. पाणी सोडायची जागाच ठेवली नाही तर एक दिवस पाळ फुटते. "दार हाये न," तू म्हणायचास. "परवानगी माग. मिळते." मी म्हणायचो, "ज्याच्याशी भांडायचं त्यालेच विचारू काय, का बाबा, भांडू काय?" तू चुना मळत राहायचास. मी मशीन चालवत राहायचो. तुझी तंबाखू संपली की त्या दिवसापुरतं भांडण संपायचं.

मग ते साल आलं.

श्रावणात पावसाने पाठ फिरवली. रोवणी झालेली, धान गुडघ्याएवढं, आणि बांध्यांमध्ये, धानाच्या वाफ्यांत, भेगा. बांधीत पाणी उभं नसेल तर धानाचं गवत होतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि वर तलाव काठोकाठ. पण तलाव आता गावाचा राहिला नव्हता, सरकारचा झाला होता. दाराची किल्ली पाटबंधाऱ्याच्या साहेबाकडे होती, आणि साहेब म्हणत होता, पाणी पुढच्यासाठी राखायचं आहे. आम्ही विनंत्या केल्या, खेटे घातले. शेवटी दुकानात ठरलं, की पोळ्याच्या दिवशी सगळ्यांनी पाळीवर जाऊन बसायचं. ही गोष्ट गुप्त ठेवायचं काम माझ्याकडे होतं. दोन दिवसांत ती भंडाऱ्याला पोचली.

या वेळी चहा सांगायला तुला कोणी विचारलं नाही. ट्रक आले. डोक्यावर लोखंडी टोप, हातात वेताच्या ढाली, आणि मागच्या ट्रकमध्ये बंदुका. बाहेरची तुकडी. ते शाळेत उतरले, त्याच पडवीत. पाळीवर, पाळीखाली, जमावबंदी. तू हवालदार, तुझं काम काय, तर त्यांना विहीर दाखवायची आणि गावातली 'धोक्याची' माणसं बोटाने दाखवायची. तू विहीर दाखवलीस.

त्यांच्यातला एक जण माझ्या दुकानात आला होता, हे मी तुला सांगितलं की नाही, आठवत नाही. टोपाचा हनुवटीखालचा पट्टा तुटला होता, तो शिवून हवा होता. धिप्पाड माणूस, पण उंबऱ्याबाहेरच उभा. मी हातात कात्री घेतली तसा एक पाऊल मागे सरकला. म्हणाला, "इथले लोक फार खतरनाक आहेत, असं सांगितलंय आम्हाला."

मी म्हटलं, "कोण लोक?"

"शिंपी आहे म्हणे एक. तोच सगळ्यांना भडकावतो."

मी पट्टा शिवला. दुहेरी टाके घातले. तो निघताना "काका, सांभाळून राहा" असं म्हणाला. इस्तारी, मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं कोणी खतरनाक म्हटलं होतं. त्या दिवशी मी दोन ब्लाऊज उलटे शिवले.

पोळा बंद करता येत नाही, हे तू तुकडीच्या साहेबांना सांगितलंस. त्यांच्यापुढे तासभर उभा राहिलास म्हणे. शेवटी त्यांनी कबूल केलं: बैल आणा, पूजा करा, पण भाषण नाही, घोषणा नाही, आणि पाळीकडे एक पाऊल नाही. पोळा भरतो तो आखर, गुरं जमायचं मैदान, नेमका पाळीच्या खाली. तोरण बांधतात तिथूनच पाळीवर जायची वाट. त्या वाटेवर, तोरणाच्या पलीकडे, तुकडीची रांग लागली.

सकाळी तू दुकानात आलास. बसला नाहीस. म्हणालास, "नत्थू, झडती तूच म्हणशीन. मी नाई म्हणत नाई. पण शेवटचं बोल नको म्हणजो. त्या साहेबाईले ठावं नाई. बैलाईले ठावं हाये."

खरं होतं तुझं. आपल्याकडे पोळ्यात बैल तोरणाखाली उभे करून झडत्या म्हणतात. टोमण्यांची गाणी, एक झाली की दुसरी. शेवटच्या झडतीला सगळे मिळून 'हर हर महादेव' गरजतात, तोरण तुटतं, आणि बैल सुटतात. बैलांना वर्षानुवर्षांची सवय. ती आरोळी ऐकली की ते कोणाचे राहत नाहीत.

मी गळ्याला हात लावला. "तुह्यी शपथ."

"माह्यी नको घेऊ," तू म्हणालास. "माह्ये लेकरं लहान हायेत." आणि खुंटीवरच्या पँटीकडे एकदा बघून निघून गेलास.

दुपार कलली. बैल आले. शिंगांना रंग, पाठीवर झुली. मानाची जोडी तुझ्या सासऱ्याची, लहानूबाबाची, सगळ्यात पुढे. बायका-पोरं कडेला. असा मुका पोळा मी कधी पाहिला नाही. एका बाजूला रंगवलेली शिंगं, दुसऱ्या बाजूला टोप, आणि मध्ये आंब्याच्या पानांचं तोरण. तू तोरणाच्या पलीकडे, रांगेच्या एका टोकाला, लाठी काखेत. मी तोरणाखाली. पोलिसांकडे तोंड, बैलांकडे पाठ.

मी म्हटलं, हळूच एक म्हणावी आणि संपवावं. आणि सुरू केलं:

"तलाव भरला काठोकाठ, बांधीत पडल्या भेगा,
दाराची किल्ली साहेबापाशी, साहेब म्हणते निघा!
ढाल आली, टोप आला, आली बंदूक भारी,
सारेच आले, येत नाई ते पाणी आमच्या दारी!"

आणि मागून हसू फुटलं. इतक्या दिवसांनी गाव हसलं. फुलाआजीने कानशिलावर बोटं मोडली. इस्तारी, मला ते हसू चढलं. दारू कधी चढली नाही तसं चढलं. मी छाती भरून घेतली. तू तिकडून मान हलवत होतास, नाही, नाही, असं. मला वाटलं, दाद देतोस. आणि माझ्या तोंडातून ती आरोळी निघाली. मागून सगळ्या गावाने ती उचलली, सवयीनेच. आणि जमीन हादरली.

मी कडेच्या नालीत उडी मारली. ती शौर्याची कथा सांगणारे हे सोडून देतात. तिथून, चिखलातून, मी बाकीचं पाहिलं. तोरण तुटलं. लहानूबाबाची जोडी सरळ रांगेवर. मागे बाकीच्या जोड्या, धूळ, कासरे हातातून सुटलेले, माणसं बैलांमागे धावत. आणि पलीकडून त्यांना काय दिसलं असेल? आरोळी, आणि अख्खं गाव शिंगं रोखून अंगावर. कोणीतरी हुकूम ओरडला. ढाली खाली गेल्या, बंदुका वर आल्या.

तेव्हा तू रांगेतून बाहेर पडलास. बंदुकांकडे पाठ करून तू वाटेच्या मधोमध उभा राहिलास आणि लाठी आडवी धरून म्हणालास, "हो... हो रे राजा, हो." ओरडला नाहीस. रोज संध्याकाळी सासऱ्याची जोडी तलावावर नेताना म्हणायचास, तसंच. त्या जोडीला तो आवाज माहीत होता. ती अडखळली, फुरफुरली, आणि तुझ्या छातीला नाक लावून थांबली. तू वेसण धरलीस. मागच्या जोड्या एकमेकींवर आदळून थांबल्या.

धूळ खाली बसायला लागली. कोणी हलेना. बंदुका वरच होत्या. आणि आमच्यातला एक जण, नाव नाही लिहीत, खाली वाकला आणि त्याने दगड उचलला. तू तो पाहिलास. मीही पाहिला. तो दगड सुटला असता तर, इस्तारी, काल तुझ्या तेरवीला जेवलेल्यांतले किती जण जेवायला उरले असते, कोण जाणे. मी तरी नसतो, कारण मी तेवढ्यात नालीतून वर चढत होतो, आणि माझं बूड नेमकं बंदुकांकडे होतं.

तू वेसण लहानूबाबाच्या हातात दिलीस. चालत आलास. धावत नाही, चालत. आणि ती लाठी, जिने चिंचेशिवाय काही झोडपलं नव्हतं, ती दोन्ही हातांनी उचलून माझ्या बुडावर अशी हाणलीस, की मी "अयायायाय सगुणाबाई!" म्हणून परत नालीत गेलो.

मग फुलाआजीचा आवाज, "जवायानं साळ्याले हाणलं वं माय!"

आणि गाव जे हसायला लागलं! बायका पदर तोंडात कोंबून खाली बसल्या. दगड उचललेला माणूस हसता हसता दगड पायावर पाडून घेऊन नाचायला लागला. आपली बोली न कळणाऱ्या त्या तुकडीलाही एवढं कळलं, की ज्या गावात शिंप्याला मार पडल्यावर लोक असे हसतात, ते गाव अंगावर येत नसतं. टोपाचा पट्टा शिवून नेलेला तो धिप्पाड माणूस ढालीमागे तोंड लपवत होता. ढाल हलत होती. बंदुका एकेक करून खाली आल्या. साहेब ओरडले, "हवालदार, हे काय चाललंय?" तू मला कानाला धरून चिखलातून काढलंस, टाच जुळवलीस आणि म्हणालास, "मुख्य आरोपी ताब्यात आहे, साहेब."

शाळेच्या पडवीत त्या दिवशी अटकेत मी एकटाच होतो. चहा तू आणून दिलास. मी उभ्यानेच प्यायलो. मग माझ्या पाठीवरचा वाळलेला चिखल तू हाताने झटकलास. मी तेव्हा काहीतरी म्हणायला हवं होतं. मी काय म्हणालो? म्हणालो, "साखर कमी हाये."

पुढे कित्येक दिवस मी मशीन उभ्याने चालवली. उभ्याने पायडल मारणारा टेलर बघायला आजूबाजूच्या गावांतून लोक आले. तलावाचं दार त्याच आठवड्यात एका सकाळी उघडलेलं दिसलं. कोणाच्या हुकमाने, ते विचारायला कोणी गेलं नाही. धान उभं राहिलं. आणि तुझी चौकशी लागली. हुकूम नसताना रांग सोडली, शस्त्रांकडे पाठ करून आड आला. तुझी बदली जवाहरनगरच्या रस्त्यावरच्या नाक्यावर झाली. दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या बसगाड्या जाताना बघत तू उरलेली नोकरी काढलीस. हवालदाराचा जमादार झालास की बाहीवरची फीत मी फुकट शिवून देईन, असं मी कबूल केलं होतं. ती फीत शिवायची वेळ आली नाही.

पेन्शनीत निघून तू परत सासुरवाडीलाच आलास. तोवर ट्रक नेहमीचे झाले होते. गणपतीला ट्रक, निवडणुकीला ट्रक. तुमसरच्या गिरणीतल्या हमालांनी काम बंद केलं तेव्हा तर त्यांच्यापेक्षा टोपच जास्त होते. मोर्चाला परवानगी मिळायची ती गावाबाहेरच्या मैदानात; तिथे मागणी ऐकायला बगळ्यांशिवाय कोणी नसायचं. चौकीत नवे लोक आले, चांगले असतील, पण त्यांना फुलाआजीचं नाव माहीत नाही. तू माझ्या दुकानात बसून म्हणायचास, "पोरं वाईट नाईत बे. त्याईचा इथं कोणी साळा नाई, हेच बिमारी हाये."

मागच्या महिन्यात तू हे शेवटचं म्हणालास. खोकत होतास. मी म्हटलं, "मंग काय सरकारनं साऱ्या पोलिसाईचे लगन आमच्याच गावात लावून द्याव काय? अन् ज्या गावात जवाई नाई, त्या गावानं तोंडच उघडू नये? तू होता म्हणून आम्ही वाचलो. आमचा बोलायचा हक्क काय तुह्या लग्नावर टांगलेला होता?"

तू चुना मळायचा थांबलास. मग म्हणालास, "हे बरोबर बोलला तू. थांब. याचं सांगतो उद्या."

तो उद्या राहिला, इस्तारी. मी अजून थांबलो आहे. भांडणात मी तुला एकदाच गप्प केलं, आणि ते जिंकणं माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

आणि एक गोष्ट तर मी विचारलीच नव्हती. त्या दिवशी तू मला मारलंस ते वाचवायला, की रागाने? वाचवायला म्हणावं, तर इतकं जोरात कोणी मारत नाही. रागाने म्हणावं, तर त्या बंदुकांसमोर राग सुचतो कोणाला? दरवर्षी पोळा आला की विचारू म्हणायचो, आणि दरवर्षी बसल्या जागी एक कळ यायची आणि राहून जायचं.

काल मांडव रिकामा झाला. सगुणाबाई मागच्या अंगणात स्वयंपाकाचे पितळी गंज घासून उपडे घालत होती. कपाळ मोकळं. मी जवळ जाऊन बसलो. हेच तिला विचारलं. "बाई, इस्तारीनं मले त्या दिवशी काहून हाणलं वं?"

ती घासत राहिली. "थो सकाळीच बोलला होता मले. नत्थ्या आज बोंबलल्याबिगर राहत नाई. शपथ घेतली म्हणते, म्हणजे तं नक्कीच बोंबलते. बोंबलला तं त्याले हाणतो, गाव हासते. हासलेल्या लोकाईवर कोणी गोळी चालवत नाई."

सकाळीच! तू बंदुकांचं गणित सकाळीच मांडून ठेवलं होतंस, आणि त्यात माझा मूर्खपणाही धरला होतास. डोळे पुसत मी म्हटलं, "एवढा इचार केला होता त्यानं? अन् बाई, मंग इतक्या जोरानं काहून?"

सगुणाबाईने गंज उपडा घातला, हात धुतले आणि माझ्याकडे पाहिलं.

"थे पँटीचं," ती म्हणाली. "टेलर म्हणवते सोताले!"